गिअरच्या जागी साखळी

१

तपासनिसांनी इंजिनाच्या पुढचं झाकण सोडवलं, टॉर्चचा उजेड आत टाकला आणि वाकून पाहिलं. मग चष्मा काढून रुमालाने पुसला, परत घातला, परत आत पाहिलं.

"साखळी आहे," ते म्हणाले.

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर होते, कडेवर छोटी, हातात नवऱ्याचा चहा. वर्कशॉपच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. खोल्या नवऱ्याच्या मेकॅनिकच्या नोकरीबरोबर मिळालेल्या, त्यामुळे खाली कुणाचा आवाज चढला तरी मी जिन्यात येऊन उभी राहते. त्या दिवशी आवाज कुणाचाच चढला नाही आणि मला जास्त भीती वाटली.

गाडी लाल, बुटकी, आमच्या सासूबाईंपेक्षा वयाने मोठी. तिच्या मालकीणबाईंचे यजमान ती शर्यतीत पळवायचे. ते गेले, आणि बाईंनी ठरवलं की गाडी त्यांच्या नावाने संग्रहालयाला द्यायची. संग्रहालयाची अट एकच होती: इंजिन गिअरवालं हवं. अशी फार थोडी उरली आहेत. साखळीवालं असेल तर ते त्यांच्याकडे आधीच आहे, दुसऱ्याला जागा नाही. म्हणून तपासनीस आले होते.

बाई खुर्चीवर बसून होत्या. बोलले ते त्यांचे धाकटे दीर. वर्कशॉपमध्ये सगळे त्यांना मागून टापटीप म्हणायचे, कारण ग्रीसच्या डब्याशेजारी उभे राहिले तरी त्यांच्या पांढऱ्या शर्टाला डाग लागत नसे, आणि बोलता बोलता ते दुसऱ्याच्या टेबलावरचे नट सोडवायचे पाने लहानमोठ्या क्रमाने लावून ठेवत.

"वहिनी, इथे आली तेव्हा त्यात गिअर होते," ते शांतपणे म्हणाले. "त्या दिवशी सकाळी मी स्वतः सुरू करून ट्रकवर चढवली. त्यानंतर इंजिनाला हात कुणी लावला, ते यांनी सांगावं."

'यांनी' म्हणजे माझ्या नवऱ्याने. आतल्या शेडची किल्ली फक्त त्याच्याकडे होती.

वर्कशॉपच्या मालकांना आम्ही काका म्हणतो. काकांनी हात पुढे केला. "अहवाल सोमवारी जाईल. तोवर किल्ली माझ्याकडे दे," एवढंच म्हणाले. नवऱ्याने किल्ली दिली. माझ्या हातातला चहा थंड झाला आणि मी तो तसाच वर नेऊन ओतून दिला.

२

त्या इंजिनाबद्दल मला नको तितकं माहीत आहे, कारण नवरा जेवतानाही तेच बोलतो. कारखान्याने ते आधी शर्यतीसाठी काढलं. सहा सिलिंडर, आणि झडपा उघडणारा वरचा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, फिरवायला खालपासून गिअरांची रांग. पक्कं काम, पण गिअर एकमेकांवर फिरताना 'सूं' करून गातात. वेग वाढला की सूर चढतो. पुढे पैसेवाली गिऱ्हाइकं आली. त्यांच्या बायकांनी म्हणे तक्रार केली की गाडीत बसून भांडतासुद्धा येत नाही. मग कारखान्याने गिअर काढून साखळी घातली. बाहेरचं ओतीव काम तेच, झाकणं तीच, बोल्ट तेच. समोर दोन्ही ठेवली तर उघडल्याशिवाय ओळखता यायची नाहीत. नंबराची पट्टी असते, पण ती रिव्हेटने बसवलेली. काढून दुसरीकडे लावायला कौशल्य लागत नाही, निर्लज्जपणा लागतो.

तो सूर मी ऐकला होता. गेल्या वर्षी हीच गाडी ब्रेकच्या कामाला आली होती. छोटी तेव्हा तान्ही होती आणि संध्याकाळ झाली की रडून निळी पडायची. डॉक्टरांनी पोटदुखी सांगितली, सासूबाईंनी दृष्ट सांगितली, मी दोन्हीचे उपाय केले. मग एकदा खाली त्या गाडीचं इंजिन चालू होतं, 'सूं' करून गात होतं, आणि पोरगी माझ्या खांद्यावर लोण्यासारखी विरघळली. गाडी होती तोवर नवरा रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून ती सुरू करायचा. म्हणजे गेल्या वर्षी आत गिअर होते, याला माझी मुलगी साक्षीदार आहे. कोर्टात चालणार नाही, पण मला पुरे.

या वेळी तपासणीआधी रंगरंगोटीसाठी गाडी आली तो दिवसही मला आठवत होता. छोटीला दात येत होते, अंगात कणकण, कित्येक दिवस ती धड झोपली नव्हती. जरा डोळा लागतोय तोच फाटकाशी धाडकन आवाज झाला. ती किंचाळून उठली. खिडकीतून पाहिलं तर ट्रक फाटकात उभा आणि भोवती निळा धूर. मी ट्रकवाल्याला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले होते.

रात्रीच्या जेवणाला नवरा ताटातला घास इकडून तिकडे करत बसला. मी विचारलं, काही लपवतोयस का. नाही म्हणाला. त्याचे कान लाल झाले. लग्नाआधीपासून मला त्या कानांची ओळख आहे. ते कधी खोटं बोललेले नाहीत.

तो घाबरला की त्याचं डोकं बंद पडतं आणि माझं सुरू होतं. सामान कुठे हलवायचं, छोटीचं लसीचं कार्ड कुठल्या पिशवीत आहे, इतकं सगळं माझ्या मनात होऊन गेलं. आणि त्याच्यामागे, सांगायला लाज वाटते, एक प्रश्न उभा होता: यानेच तर नाही ना?

३

मागच्या आठवड्यात मी वर्कशॉपच्या रंगाऱ्याला मागच्या दाराने काहीतरी जड नेताना पाहिलं होतं. चादरीत गुंडाळलेलं, आणि दर चार पावलांनी मागे वळून बघत. इंजिन एकटा माणूस उचलत नाही हे मलाही कळतं. पण गिअरांची रांग?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एका दरवाजावर पॉलिशपेपर मारत बसला होता. मी छोटीला त्याच्याजवळच्या पेटीवर बसवलं आणि आडून न विचारता सरळ विचारलं. त्याने पॉलिशपेपर खाली ठेवला, काकांच्या केबिनकडे पाहिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच चोर.

ती नातीची तीनचाकी सायकल होती. त्या लाल गाडीचा उरलेला रंग त्याने सायकलला मारला होता. तसला रंग काका बाहेरून मागवतात आणि थेंबाथेंबाचा हिशेब विचारतात. "आता नात गल्लीत शर्यतीच्या गाडीसारखी हिंडते," तो म्हणाला, आणि लाजण्याऐवजी जरासा फुगलाच.

मी सांगितलं, सायकलचं माझ्यापाशी राहील. त्याला बरं वाटलं असावं, कारण मग तो आपण होऊन बोलू लागला. गाडी आली तेव्हा तो फाटकाशीच होता. ट्रकवरून फळ्या लावून गाडी ढकलत खाली घेतली, कुणी ती चालवत आणली नाही. टापटीप मागून आपल्या गाडीत आले, सही करून लगेच गेले.

मी म्हटलं, हो, आणि त्या मेल्या ट्रकने आवाज काढून माझी पोरगी उठवली.

रंगाऱ्याने हातावरची भुकटी झटकली.

"तुला नवऱ्याने सांगितलं नाही वाटतं," तो म्हणाला. "ट्रक कुठला? ट्रकवाला तर फळ्या गोळा करत होता. तुझ्या नवऱ्याने गाडीचं बॉनेट उघडून ठेवलं, बाहेरूनच आत हात घालून किल्ली फिरवली आणि इंजिनाकडे वाकून बघितलं. कार्बोरेटरमधून हा एवढा भडका आला. त्याची भुवई जळाली."

४

भुवई. मला तो म्हणाला होता, वेल्डिंगची ठिणगी.

वर्कशॉपचा एक नियम आहे आणि तो काकांनी भिंतीवर लिहिलेला नाही, कारण तो सगळ्यांना तोंडपाठ आहे. बरेच दिवस उभ्या असलेल्या जुन्या गाडीचं इंजिन आल्या आल्या सुरू करायचं नाही. आधी प्लग काढून आत तेल सोडायचं, हाताने फिरवून बघायचं, मग किल्ली. नवऱ्याच्या आधी जो मेकॅनिक होता तो याच नियमावरून गेला. त्याच्याच दोन खोल्या आम्हाला मिळाल्या.

दुपारी नवरा वर आला तेव्हा मी दार लावून घेतलं. ओरडले नाही. छोटी झोपलेली होती, आणि झोपलेल्या मुलाशेजारी जी भांडणं होतात ती फार सभ्य असतात. मी कुजबुजत विचारलं, त्याने कुजबुजत उत्तर दिलं.

"का केलंस?"

"ती झोपत नव्हती ना," तो म्हणाला. "वाटलं, दोन मिनिटं तो सूर लावावा. गेल्या वर्षीसारखा."

मी पलंगाच्या कडेवर बसले. राग आला होता तो कुठे ठेवावा कळेना.

काकांना सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. आणि आता सांगितलं तर सगळे म्हणतील, इंजिनाला हात लावला होताच, बदललंही यानेच. म्हणून तो गप्प होता. त्या भडक्यानंतर त्याने बॉनेट लावलं ते तपासणीपर्यंत उघडलंच नाही.

मी विचारलं, इंजिन चांगलं असेल तर असा भडका का येतो? चुकीच्या वेळी चुकीच्या सिलिंडरला ठिणगी मिळाली तर, तो म्हणाला. पण प्लगच्या वायरी त्याने पाहिल्या होत्या. अगदी बरोबर लावलेल्या होत्या, गेल्या वर्षी होत्या तशाच.

हे 'तशाच' माझ्या डोक्यात अडकून बसलं, का ते मला तेव्हा कळलं नाही.

५

संध्याकाळी मी मालकीणबाईंकडे गेले. छोटीला बरोबर नेलं, कारण मुलाला घेऊन आलेल्या बाईला दारातून परत पाठवणं कुणालाही जड जातं. भिंतीवर यजमानांचे फोटो होते, हेल्मेट काखेत, तोंडावर काजळी. बाईंनी छोटीला एक चांदीचा कप खेळायला दिला आणि मला मात्र पाणीसुद्धा विचारलं नाही. मला राग आला नाही. त्यांचं काय गेलं होतं ते त्या फोटोंत दिसत होतं.

मी एवढंच म्हणाले की माझ्या नवऱ्याने इंजिन बदललेलं नाही, आणि ते कुठे गेलं हे शोधायला मला मदत करा. त्या उठून खिडकीशी गेल्या. मग त्या जे बोलल्या ते मला कमी, फोटोंना जास्त होतं. यजमान घरी यायचे तेव्हा गल्लीच्या टोकापासून ती गाडी ऐकू यायची. तो सूर ऐकून त्या गॅस पेटवायच्या. शेजारी तक्रार करायचे. अलीकडे गाडी बंदच असायची. तिची देखभाल दीर करायचे, मागच्या गॅरेजमध्ये. गाडी वर्कशॉपला गेली तेव्हा त्या बहिणीकडे होत्या.

तेवढ्यात दीर आले. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. छोटीने जमिनीवर टाकलेला कप उचलून त्यांनी पुसला आणि कपाटात जिथल्या तिथे ठेवला, कपाचा कान उजवीकडे करून. छोटी भोकाड पसरणार होती, मी तिला उचललं.

मी गरीब तोंड करून विचारलं, त्या सकाळी तुम्ही सुरू केलीत तेव्हा इंजिन कसं चालत होतं? म्हणजे आधीच काही बिघाड असेल तर.

"बिघाड?" ते हसले. "ताई, शिवणयंत्र चालावं तसं चालत होतं. शेजारी उभं राहून बोललात तरी आवाज चढवायला लागू नये."

बाईंनी मान वर केली. मीही. मग मी छोटीला सावरलं आणि निघाले.

६

तिथूनच मी तपासनिसांकडे गेले, ते एका लॉजमध्ये उतरले होते. अहवाल लिहीत होते. मी दारातच सांगितलं की मी कुणाची रदबदली करायला आलेली नाही, मला फक्त त्या दोन इंजिनांमधला फरक समजून घ्यायचा आहे. असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नसावं. त्यांनी खुर्चीवरचे कपडे पलंगावर टाकले आणि मला बसवलं.

ते बोलत सुटले. कुठल्या हंगामात कॅमशाफ्टचं झाकण काळं यायचं, कुठल्या इंजिनाला तेलाची टाकी वेगळी असायची, शेवटच्या काही इंजिनांत कारखान्याने नवीन पंप कसा बसवला. निम्मं डोक्यावरून गेलं. छोटी त्यांच्या बुटाची लेस सोडत होती, त्यांना पत्ता नव्हता.

"आणि एक गंमत सांगतो," ते म्हणाले. "साखळीवाल्याचा कॅमशाफ्ट उलटा फिरतो."

मी विचारलं, उलटा म्हणजे?

त्यांनी दोन मुठी समोरासमोर धरल्या. गिअरला गिअर लागला की दुसरा उलट दिशेने फिरतो. या इंजिनात ती रांग अशी होती की वरचा कॅमशाफ्ट खालच्या मुख्य दांड्याच्या उलट जायचा. साखळीत तसं होत नाही. सायकलचं पेडल ज्या दिशेने, मागचं चाकही त्याच दिशेने. आता कॅमशाफ्टच्या टोकाला असतो डिस्ट्रिब्युटर, म्हणजे सहा प्लगना आळीपाळीने ठिणगी वाटणारी डबी. कॅमशाफ्ट उलटा, तर डबीतला काटा उलटा. म्हणून तिच्या टोपीवर वायरींचा क्रमही उलटा लावावा लागतो.

"आणि नाही लावला तर?"

"तर इंजिन चालत नाही. दोन सिलिंडरना योगायोगाने वेळेवर ठिणगी मिळते, बाकीच्यांना भलत्या वेळी. भडका उडतो."

मी छोटीला उचललं. लेस तिच्या मुठीतच राहिली. मी म्हणाले, "उद्या सकाळी अहवाल द्यायच्या आधी वर्कशॉपमध्ये याल? आणि त्या टोपीला कुणी हात लावायच्या आत एकदा बघाल?"

७

सकाळी सगळे आले. काकांनी शेड उघडली. टापटीपांनी येताच कोपऱ्यातला झाडू सरळ उभा केला. रंगाऱ्याला मी मुद्दाम थांबवलं होतं.

आधी नवरा बोलला. ते आमचं ठरलं होतं, आणि त्याने ते कान लाल न करता केलं. गाडी आली त्या दिवशी, ट्रक फाटकात असतानाच, आपण तेल न सोडता किल्ली फिरवली आणि भडका उडाला, एवढं सांगून तो बाजूला झाला. काकांचा जबडा आवळला. टापटीप म्हणाले, "पाहिलंत?"

मग मी बोलले. गर्दीत बोलायची मला सवय नाही, म्हणून मी काकांकडेच बघत होते. भडका का उडाला ते आधी बघू या, म्हणाले. तपासनिसांनी टॉर्च धरून टोपीवरच्या वायरी बोटाने मोजल्या. क्रम गिअरवाल्या इंजिनाचा होता. खाली इंजिन साखळीवालं. या अवस्थेत हे चालूच शकत नाही, ते म्हणाले.

"म्हणजे गाडी फाटकात आली तेव्हाच आत साखळी होती," मी म्हणाले. "आत गिअर असते तर या वायरींवर ती सुरू झाली असती, भडका नसता उडाला. आवाज मी वरून ऐकला, भडका रंगाऱ्याने समोरून पाहिला. ट्रक अजून गेला नव्हता. इंजिन बदलायला त्यात वेळ कुठला?"

रंगाऱ्याने मान हलवली, आणि भुवईचंही सांगितलं.

टापटीप म्हणाले, वायरी इथेच कुणीतरी खालीवर केल्या असतील. मी म्हणाले, खालीवर केल्या असत्या तर कशाही लागल्या असत्या. या एकाही चुकीशिवाय लागल्या आहेत, फक्त दुसऱ्या इंजिनासाठी. ज्याने लावल्या त्याने जुन्या इंजिनावरची टोपी काढली, कारण ती जुन्या घडणीची आणि बाहेरून दिसणारी, तपासनीस ती बघणार. आणि जिथली वायर तिथेच, अशी काळजी घेऊन नव्यावर बसवली. धसमुसळ्या माणसाकडून चुकून तरी वेगळं झालं असतं. हे फार नीटनेटक्या माणसाचं काम आहे. आणि त्याने त्यानंतर एकदाही किल्ली फिरवून पाहिली नाही.

"मी त्या सकाळी स्वतः चालवली," टापटीप म्हणाले. आवाज अजून शांत होता, पण हातात कुणाचा तरी पाना होता आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं.

"शिवणयंत्रासारखी," मालकीणबाई म्हणाल्या.

त्या खुर्चीवरून उठल्या होत्या. "तुमचे दादा गल्लीच्या टोकाला असायचे तेव्हा मी गॅस पेटवायची, भाऊजी. तुम्ही त्याच घरात वाढलात. तुम्हाला माहीत नव्हतं ती कशी वाजते? तुम्ही दुसऱ्याच इंजिनाचा आवाज ऐकलात. विकत घेताना ऐकला असेल."

पाना त्यांच्या हातातून फरशीवर पडला. त्यांनी तो उचलला नाही.

"कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

त्यांनी सांगून टाकलं. ते एका मित्राच्या गोदामात होतं, ताडपत्रीखाली. दादा आयुष्यभर त्या इंजिनाला दुसऱ्या कुणाचा हात लावू देत नसत, ते म्हणाले. पुसायला मी, चालवायला ते. आता तेही संग्रहालयात काचेमागे जाणार होतं. ते विकायला घेतलं होतं की नुसतं जवळ ठेवायला, हे मी विचारलं नाही. बाईंनीही नाही. पण ज्याच्यावर ढकललं त्याला एक मूल आहे, हे दिरांना माहीत होतं. तिनेच टाकलेला कप त्यांनी उचलला होता. ते मी विसरणार नाही.

सगळे बाहेर गेल्यावर काका नवऱ्यासमोर उभे राहिले. नियम मोडलास, म्हणाले. नवरा हो म्हणाला.

"का?"

त्याने माझ्या कडेवरच्या छोटीकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. छोटी त्यांच्या खिशातलं पेन ओढत होती.

"महिनाभर शेड तू झाडायचीस," काका म्हणाले, आणि खिशातून आतल्या शेडची किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

८

जुनं इंजिन परत आलं, बसलं. या वेळी आधी तेल सोडलं, हाताने फिरवलं, सगळं रीतसर. काकांनी स्वतः किल्ली फिरवली. एकदा खाकरलं, दोनदा, आणि मग तो सूर आला, बारीक, चढता. तपासनिसांनी वहीत काही लिहिलं नाही, नुसते उभे राहिले. बाईंनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाल्या, जरा राहू द्या चालू.

मी छोटीला मुद्दाम खाली आणलं होतं. सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की बघा, आता कशी डोळे मिटते. तिने आधी कान झाकले, मग तोंड वाकडं केलं, मग जो टाहो फोडला तो गिअरांच्या आवाजातही ऐकू गेला. रंगारी हसून हसून खाली बसला. मी शरमले आणि तिला घेऊन भिंतीकडे वळले.

तिथे बाकावर, तेलकट हात मांडीवर उपडे टाकून, मान एका बाजूला कलती ठेवून नवरा बसला होता. किल्ली काढून घेतली त्या दिवसापासून तो नीट झोपला नव्हता. सूर चढत होता, पोरगी रडत होती, काका काहीतरी ओरडून सांगत होते. तो गाढ झोपला होता.